सेंट जॉन्स वर्ट
(शास्त्रीय नाव : हायपेरिकम परफोरेटम). सौम्य ते मध्यम नैराश्यावर पूरक म्हणून घेतली जाणारी, मूळची यूरोपकडील वनस्पती. पान उजेडासमोर धरले, की सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. पिवळी कळी चुरगळली, तर बोटे लालसर होतात. तोंडाला कोरड, पोट बिघडणे, चक्कर, उन्हाने त्वचा लाल होणे हे त्रास सहसा किरकोळ असतात. खरा धोका इतर औषधांशी गाठ पडल्यावर. हिच्यातील हायपरफोरिन या घटकामुळे औषधांचे विघटन करणारी यकृतातील विकरे वाढतात. त्यामुळे सायक्लोस्पोरिन (शरीराने आरोपित अवयव नाकारू नये म्हणूनचे औषध), वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध), गर्भनिरोधक गोळ्या यांचा असर घटतो. झुरिकमध्ये हृदयारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीराने सायक्लोस्पोरिनचा असर असा घटल्यामुळेच नवे हृदय नाकारायला सुरुवात केल्याची नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. नैराश्यावरील गोळ्यांसोबत घेतल्यास सेरोटोनिन घातक प्रमाणात वाढू शकते. ‘झाडपाल्याचेच तर आहे’ म्हणून डॉक्टरांना सांगायचे टाळू नये.