लिंबूवर्गीय झाडांचे रोग : बागेतील ओळख

संत्रा, मोसंबी व कागदी लिंबू यांवरील रोग बागेतच लक्षणांवरून ओळखण्याची रीत. विदर्भाच्या संत्रापट्ट्यात (वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड) सर्वांत घातक रोगांपैकी एक म्हणजे डिंक्या. जमिनीतील फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे तो होतो. भारी काळी जमीन व खोडाशी साचणारे पाणी त्याला पोसते. म्हणून पाहणी शेंड्याकडून नव्हे, बुंध्याकडून सुरू करावी. जमिनीलगतच्या सालीवर ओलसर काळपट डाग व चिकट डिंक दिसतो, साल खरवडल्यास आतला भाग तपकिरी निघतो. तंतुमुळे कुजली असल्यास त्यांची साल बोटांत निसटून येते. पाने पिवळी पडेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

कोळशी या रोगात पानावर येणारी काजळी बोटाने पुसली जाते व खाली हिरवे पान दिसते. ती काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढते, त्यामुळे बंदोबस्त माशीचाच करावा लागतो. खैऱ्या हा रोग जिवाणूजन्य, कागदी लिंबावर त्याचे खरखरीत, उंचवट्याचे, पिवळ्या कडेचे डाग पडतात.

खरी फसगत होते ती ग्रीनिंग या रोगाबाबत, कारण त्यातील पिवळी पाने जस्ताच्या कमतरतेसारखी दिसतात. जस्ताच्या कमतरतेत मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना पिवळेपणा सारखा असतो, ग्रीनिंगमध्ये तो विषम. फळ वाकडे होते, देठाकडून रंगते, पण खालचे टोक हिरवेच राहते. सिट्रस सायला ही कीड हा रोग पसरवते. पानांवरून केवळ संशय घेता येतो, खात्री प्रयोगशाळेतील पीसीआर चाचणीने होते. ग्रीनिंग झालेले झाड बरे होत नाही.