अकरा महिन्यांचा करार, १९४० मध्ये अडकलेलं भाडं आणि माझा पहिला भाडेकरू

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात होते एका व्हॉट्सॲप मेसेजने. "दादा, बाथरूमच्या भिंतीतून पाणी झिरपतंय. प्लंबर बोलवू का? खर्च कोणाचा?"

मेसेज माझ्या भाडेकरूचा. गेल्या वर्षी मी वाकडला वन बीएचके घेतला, अर्थात कर्ज काढून. भाडं येतं १६ हजार, हप्ता त्याहून बराच जास्त. त्यामुळे "खर्च कोणाचा" हे वाचून पोटात गोळा आला. करार उघडला, तर दुरुस्तीबद्दल त्यात एक ओळ नाही. आणि तो करार रजिस्टरही केलेला नव्हता. एजंट म्हणाला होता, "अकरा महिन्यांचाच आहे साहेब, नोटरी पुरे." मी मान डोलावली होती.

आजीला सांगितलं, तर ती हसायला लागली. तिचं अर्धं आयुष्य गिरगावच्या चाळीत गेलं. म्हणाली, "आमच्या मालकाने जिना कधी दुरुस्त केला नाही. आम्ही त्याला रोज शिव्या घालायचो. आता तू मालक झालास. बघ बाबा!"

लहानपणापासून आमच्या घरातल्या गोष्टींचा व्हिलन म्हणजे चाळीचा मालक. पण त्याने जिना का दुरुस्त केला नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. या वेळी शोधायला बसलो.

पहिलं महायुद्ध चालू होतं. मुंबईत माणसं येत होती, घरं तेवढीच, भाडी भडकलेली. म्हणून १९१८ मध्ये मुंबईत भाड्यावर पहिलं कायदेशीर नियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. मग स्वातंत्र्य, फाळणी, निर्वासितांचे लोंढे, आणि आला १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्यात 'प्रमाण भाडं' ठरवलं गेलं. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं, ते प्रमाण. त्यानंतर पहिल्यांदा दिलेल्या जागेला जे पहिलं भाडं ठरलं, ते प्रमाण. कर वगैरे वाढले तर थोडीफार वाढ, बाकी आकडा तिथेच.

हेतू चुकीचा होता का? मला नाही वाटत. या कायद्यामुळेच माझी आजी गिरणी कामगाराच्या पगारात गिरगावात राहू शकली. पण हा कायदा मुळात तात्पुरता होता. त्याला मुदतवाढ मिळत गेली, पुन्हा पुन्हा, पन्नास वर्षं!

आता मालकाच्या जागी बसून बघा. सिमेंट महागलं, गवंड्याची मजुरी वाढली, आणि खोलीचं भाडं मात्र चाळीस-पन्नास रुपये. जिना दुरुस्त कोण करणार? तो नाही करत. भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही, मी का करू? मग पावसाळ्यात ती कोणाच्या तरी डोक्यावर येते. सरकारने १९६९ मध्ये जुन्या इमारतींवर उपकर लावला आणि दुरुस्ती मंडळ काढलं. उपकरप्राप्त इमारती होत्या १९ हजारांहून जास्त. आजही पावसाळ्याआधी म्हाडा त्यातल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. पुण्यात पेठांमधल्या वाड्यांचंही दुखणं हेच.

दुसरीकडे पैशाने आपली वाट शोधली. भाडं वाढत नाही ना? मग खोली देतानाच एकरकमी 'पागडी' घ्या. भाडेकरूने खोली दुसऱ्याला दिली की पागडीतला वाटा मालकाला. १९४७ च्या कायद्याने हे बेकायदा होतं, पण चालायचं सर्रास.

मालकांनी अजून एक वाट काढली. भाड्याने द्यायचंच नाही, 'लिव्ह अँड लायसन्स'वर द्यायचं. म्हणजे राहायची फक्त परवानगी, जागेवर हक्क नाही. मग आली १९७३ ची दुरुस्ती. १ फेब्रुवारी १९७३ ला ज्यांचं लायसन्स चालू होतं, ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. झोपताना लायसन्सवाला, उठताना कायमचा भाडेकरू! मराठी घरांतली "रिकामं राहिलं तरी चालेल, पण भाड्याने नको" ही भीती अशा अनुभवांतून आलेली आहे.

शेवटी १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं, की भाडं असं १९४० च्या आकड्यावर गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. नियंत्रणाखालच्या जागांना वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. पण ५० रुपयांवर ४ टक्क्यांनी २५ वर्षांनंतर होतात साधारण १३३ रुपये. म्हणजे जिना अजून तसाच.

याच कायद्यात माझ्या कामाची दोन कलमं सापडली. कलम २४: लायसन्सची मुदत संपून जागा सोडली नाही, तर दुप्पट शुल्क, आणि दाद मागायला वेगळा सक्षम प्राधिकारी. आणि कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, उलटं सिद्ध होईपर्यंत. वर तुरुंग किंवा दंडाची तरतूद. मग 'अकरा महिने' आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, म्हणून. महाराष्ट्रात ती पळवाट बंद झाली. सवय तेवढी उरली, आणि तिच्यावर माझ्या एजंटचं दुकान चालू होतं.

मग मी काय केलं? प्लंबर बोलावला. भिंत फोडून पाइप बदलला, ४,२०० रुपये गेले, माझे. करार नव्याने केला, ऑनलाइन रजिस्टर केला. त्यात स्पष्ट लिहिलं: पाइप, वायरिंग, गळती माझ्याकडे, बल्ब, नळाचा वॉशर त्याच्याकडे. नूतनीकरणाला ५ टक्के वाढ, दोघांनी बोलून ठरवलेली. आणि दर महिन्याच्या भाड्यातले दीड हजार वेगळ्या खात्यात, फक्त दुरुस्तीसाठी. रील्समध्ये ज्याला 'पॅसिव्ह इन्कम' म्हणतात, त्यात हे दीड हजार कोणी धरत नाही.

मला समजलं ते एवढंच. भाडं म्हणजे फक्त मालकाची कमाई नाही, ते त्या घराच्या देखभालीचे पैसे आहेत. कायद्याने ते गोठवलं तर घर पडतं. आणि मालकाने सगळंच खिशात घातलं, तरी घर पडतंच, जरा उशिरा.

आजीला करार दाखवला. तिने चष्मा लावून दुरुस्तीचं कलम वाचलं आणि म्हणाली, "हे एवढं आमच्या पावतीवर असतं ना..." वाक्य तिने पुरं केलं नाही.

तुमच्या घरी कोणाकडे जुनी भाडेपावती असेल, तर तिच्यावरचा आकडा आणि साल बघा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!