जिभेवरचे रेशीम

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा कामगार कायदा, बोनसचा प्रश्न किंवा फार तर गिरण्यांचा इतिहास असे काही आम्ही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. 'वाइन चाखणाऱ्यांची भाषा' असे आम्ही म्हणताच चिटणीसांनी लेखणी खाली ठेवली. कामगार वस्तीत वर्षानुवर्षे दारूच्या विरुद्ध बोलत आलेला मनुष्य आता पेल्याचे गुणगान करणार की काय, अशी शंका त्यांना आली असल्यास तो दोष त्यांचा नव्हे. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो की, ज्या पदार्थाविषयी आम्ही बोलणार आहोत त्याचा थेंबही आमच्या जिभेला लागलेला नाही. आमचा संबंध आहे तो शब्दांशी, आणि तोही आडवाटेने जडलेला.

फ्रान्समधील ल्यों शहरात 1831 साली रेशीम विणकरांनी उठाव केला. त्याची हकिगत वाचीत असता 'स्वायो' हा शब्द आम्हाला भेटला. ल्योंमध्ये त्याचा अर्थ रेशमाचा व्यापारी. कोश उघडून पाहिला, तर त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ निघाला : रेशमासारखे मऊ, आणि विशेषतः जिभेवरून टाळ्यापर्यंत कोठेही न अडखळता सरकणारी वाइन. ज्याने ते रेशीम प्रत्यक्ष विणले त्याला ल्योंमध्ये 'कान्यू' म्हणत, आणि या नावाची वाइन आम्हाला कोणत्याही कोशात आढळली नाही. त्या रात्री आम्ही कोश मिटला तो बऱ्याच उशिरा.

आता मूळ गोष्टीकडे वळू. वाइन ही पातळ वस्तू. पाण्याला पोत नसतो, मग वाइनला तो कोठून आला? ती मखमली, खरखरीत किंवा राठ कशी असू शकेल? याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या तोंडात आहे. बिनदुधाचा चहा चुलीवर फार वेळ राहिला म्हणजे तो पिताना काय होते ते आठवा. जीभ कोरडी पडते, गालांची आतील बाजू आवळल्यासारखी होते आणि जीभ टाळ्याला घासते. काजूचे बोंड खाल्ले की घसा धरतो. कच्च्या केळ्याचा, सुपारीचा, हिरड्याचा अनुभव याच जातीचा. आपण त्याला तुरट म्हणतो आणि गोड, आंबट, कडू यांच्या ओळीत बसवतो. पण गोड पदार्थाने जीभ घासत नाही, हा भेद आपल्या लक्षात येत नाही.

आमच्या वैद्यकशास्त्राच्या तो लक्षात आला होता. चरकसंहितेत सहा रसांमध्ये कषाय, म्हणजे तुरट, हा गणलेला आहे खरा. परंतु त्याचे लक्षण सांगताना जीभ जड व ताठ होणे, घसा बांधल्यासारखा वाटणे अशीच स्पर्शाची चिन्हे दिली आहेत. ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलने तर चव हा स्पर्शाचाच एक प्रकार मानला आणि तुरट व राठ अशा दोन निरनिराळ्या चवी मोजल्या. आधुनिक शास्त्राने हे फार उशिरा मान्य केले. तुरटपणा ही चव नसून स्पर्श आहे, असे बेट-स्मिथ या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1954 साली मांडले. लाळेतील प्रथिनांमुळे तोंडाला वंगण असते. द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरलेले टॅनिन त्या प्रथिनांना पकडते, त्यांच्या गाठी होतात, वंगण तुटते आणि मग जिभेला टाळ्याचा खरा पृष्ठभाग कळू लागतो. तेल संपलेल्या यंत्राचे जे होते तेच. चहात दूध घातले की टॅनिनला दुधातील प्रथिने सापडतात आणि लाळ बचावते. युनियनच्या कचेरीत वर्षानुवर्षे आम्ही दुधाचा चहा पीत आलो, पण त्यात एवढे रसायन आहे हे ठाऊक नव्हते.

टॅनिन हे नावही पेल्यातले नव्हे. ते चांभारकुंडातून आले आहे. कातडे कमावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओकच्या सालीला फ्रेंच भाषेत 'तां' म्हणतात, त्यावरून हा शब्द झाला. क्रांतीच्या काळात फ्रेंच सैन्याला जोडे हवे होते, आणि कातडे तर कुंडात महिनोन्‌महिने पडून राही. तेव्हा आर्मां सेगँ या रसायनशास्त्रज्ञाने कमावण्याची जलद रीत शोधण्याच्या खटपटीत सालीच्या अर्कात सरस टाकून पाहिला. दोन्ही मिळून गोळा खाली बसला. जे कातड्यात घडते तेच भांड्यात घडले. आज आपण म्हणू शकतो की, तेच तोंडातही घडते.

येथे आपला प्रांत या कथेत शिरतो, आणि तोही सन्मानाने. लंडनमध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना आपल्या पानातला कात पाहून त्याच्या चवीवरून आणि गुणांवरून असे वाटले की, यात कातडे कमावण्याचे द्रव्य असावे. त्यांनी 1801 च्या डिसेंबरात तो तरुण हम्फ्री डेव्हीकडे दिला. डेव्हीने 1803 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुंबईचा कात आणि बंगालचा कात असे दोन नमुने तपासले आहेत. मुंबईच्या कातात टॅनिन अधिक निघाले, म्हणजे निम्म्याहून जास्त भाग. कोकणात खैराचे लाकूड उकळून कात काढण्याचा ज्यांचा धंदा, त्यांना त्या धंद्यावरून कातकरी हे नाव पडले. डेव्हीच्या निबंधात त्यांची आठवण असण्याचे कारण नव्हते. पण निष्कर्ष काढणारी जीभ अध्यक्षांची आणि कढईपुढे बसणारा मनुष्य दुसराच, ही वाटणी आम्हाला फार ओळखीची वाटली.

शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधीपासून तळघरातल्या कामकऱ्याला हे व्यवहाराने कळत होते. आमचे द्राक्षबागायतदार ज्या शहराच्या नावाचे बोर्डो मिश्रण वेलींवर फवारतात, त्या बोर्डोमध्ये तांबडी वाइन राठ वाटली की अंड्याचा पांढरा बलक फेटून पिंपात घालतात. 225 लिटरांच्या पिंपाला पाच-सहा अंडी पुरतात. बलकातील प्रथिन राठ टॅनिनला धरून तळाशी बसते, आणि वरची वाइन निवळ व मऊ होऊन दुसऱ्या पिंपात जाते. ज्या गाठी पिणाऱ्याच्या तोंडात व्हायच्या त्या आधीच पिंपात होऊन जातात. हे काम करणाऱ्या हाताने त्याला रेशीम म्हटले की नाही कोण जाणे. बहुधा 'बसली' एवढेच म्हटले असेल.

आता त्या शब्दांची यादी पाहा. वाइनच्या रंगाला फ्रेंच चाखणारे 'रोब' म्हणतात, म्हणजे झगा. भरीव वाइन ती 'एतोफे', आणि 'एतॉफ' म्हणजे कापड. तिच्यातील टॅनिनच्या बांधणीला 'त्राम' म्हणतात, आणि त्राम म्हणजे कापडातला बाणा, आडवा धागा. मखमली ती 'वलुते'. टॅनिनचा सांगाडा तो 'शार्पांत', म्हणजे सुताराने उभी केलेली छपराची लाकडी चौकट. घशाला घासणारी ती 'रापो', आणि हा शब्द किसणीचा, कानशीचा. कोष्टी, शिंपी, सुतार, लोहार : कारागिरांची अर्धी आळी या पेल्यात उतरलेली आहे. आणि ते साहजिकच आहे. गंधासाठी फुले आणि फळे होती. स्पर्शासाठी मात्र, ज्यांचा सारा दिवस स्पर्शात जातो त्यांच्याच ओट्यावरून शब्द उचलावे लागले.

उचलल्यानंतर शब्दाचा मालक बदलतो. हे आम्ही वैतागाने म्हणत नाही, इतिहास तसा आहे. ल्योंचा कान्यू घरच्या मागावर विणी, रेशीम व्यापाऱ्याचे आणि दरही व्यापाऱ्याचा. कापड नेऊन दिले की तेथे त्यावर हात फिरे आणि मग मजुरीचा आकडा पडे. वजन, लांबी आणि वीण यांवरून नित्य तंटे होत. ते सोडविण्यासाठी 1806 च्या कायद्याने त्या शहरात एक मंडळ नेमले गेले. त्याचे सभासद नऊ : पाच व्यापारी आणि चार मागवाले. पाचास चार हे प्रमाण कोणाच्या बाजूचे, हे सांगायला नको. तरीसुद्धा आम्ही म्हणू की, ही फार मोठी गोष्ट होती. कारण कापड चांगले की वाईट, या शब्दावर विणणाऱ्यालाही कायद्याने तोंड उघडता आले. पुढे 25 ऑक्टोबर 1831 रोजी किमान दरपत्रक ठरले. काही व्यापाऱ्यांनी ते मानले नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात क्रवा-रूसच्या टेकडीवरून विणकर काळा झेंडा घेऊन खाली उतरले आणि शहर त्यांच्या हाती आले. 3 डिसेंबरला सैन्य शिरले व दरपत्रक रद्द झाले. 1834 च्या एप्रिलात पुन्हा तेच, अधिक रक्त सांडून.

वाइनच्या जगात असे मंडळ नव्हते. बोर्डोमध्ये मळेवाला आणि निर्यातदार यांच्यामध्ये दलाल असे. तो तळघरात जाऊन नवी वाइन चाखी आणि त्याच्या शब्दावर भाव ठरे. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तांबड्या वाइनच्या मळ्यांची पाच वर्गांत जी प्रसिद्ध प्रतवारी झाली, ती या दलालांनीच, बाजारातल्या जुन्या भावांच्या आधारे केली. 1973 मध्ये एका मळ्याला वरचा वर्ग मिळाला, तेवढा बदल सोडल्यास ती आजही जवळजवळ तशीच उभी आहे. दलालाची जीभ खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाखणाऱ्याला पारख असतेच. प्रश्न एवढाच की, तो 'राठ' म्हणाला तर मळेवाल्याने ते कशाशी ताडून पाहावे?

हा प्रश्न विचारण्याचे धैर्य विद्वानांना एकोणीसशे सत्तरनंतर झाले. ॲड्रिएन लेहरर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी सामान्य पिणाऱ्यांना वाइनचे वर्णन करायला लावले आणि ते वर्णन दुसऱ्यांना देऊन कोणती वाइन ते ओळखा म्हटले. नाणे उडवून जेवढी बरोबर येतील त्याहून फारशी अधिक उत्तरे बरोबर आली नाहीत. त्यांचे पुस्तक 1983 सालचे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात ॲन नोबल यांनी गंधांचे प्रसिद्ध चक्र तयार केले, आणि प्रत्येक गंधाला स्वयंपाकघरात सापडेल असा नमुना नेमून दिला : मिरी म्हणायचे असेल तर ही मिरी. पण त्या चक्रात स्पर्श नव्हता. त्याला 2000 साल उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे रिचर्ड गावेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या वाइनच्या तोंडातील स्पर्शाचे चक्र प्रसिद्ध केले. त्यात रेशीम आहे, मखमल आहे, मऊ कमावलेले कातडे आहे, खडू आहे, बारीक पॉलिश कागद आहे. आणि आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की, निरनिराळ्या पोतांचे नमुने चाखणाऱ्यांच्या बोटांखाली देऊन जिभेवरचा अनुभव त्यांच्याशी जुळवून घेण्याची रीत तेथे वापरली गेली. दोनशे वर्षे तोंडात घोळवलेला शब्द शेवटी पुन्हा हातात आणून ठेवावा लागला. या चक्रावरही टीका झाली. त्यातले काही शब्द वर्णनाचे नसून आवडीनिवडीचे आहेत असे म्हणतात, आणि ते आम्हाला पटते. 'आक्रमक' हा स्पर्श आहे की तक्रार?

हे वाचताना आम्हाला आमचे उमेदवारीचे दिवस आठवले. 1990 च्या पुढेमागे एका गिरणीत, नाव सांगण्यात आता अर्थ नाही, घडीखात्यात एक तपासनीस होता. तागा पुढे आला की तो अंगठा फिरवी आणि 'खरखरीत' म्हणे. की साचेवाल्याची मजुरी कापली गेली. खालचे सूत कच्चे आले, हवेत दमटपणा नव्हता, ही कारणे ऐकायला कोणी नसे. आमच्यातले एक वयोवृद्ध साचेवाले, ज्यांना सारे तात्या म्हणत, एक दिवस साहेबांसमोर म्हणाले, "याचे डोळे बांधा." एकाच ताग्याचे दोन तुकडे त्याच्या हाती दिले. त्याने एक पास केला आणि दुसरा नापास.

सगळे हसले, पण तात्या हसले नाहीत. ते म्हणाले, "त्याचा अंगठा वाईट नाही. त्याच्यापुढे धरायला काही नाही, म्हणून असं होतं." पुढे दोन महिने वाटाघाटी झाल्या. तपासनिसाला काढा, ही आमची तरुणांची मागणी होती. तात्यांची मागणी निराळी : चांगला, चालेल आणि नापास असे तीन तुकडे दोन्ही बाजूंनी सही करून घडीखात्याच्या भिंतीवर टांगावेत, आणि तंटा झाला की तागा तेथे नेऊन दोघांनी हात लावून पाहावा. शेवटी तेच मान्य झाले. कपात थांबली नाही, पण पुष्कळ उतरली. तपासनीस मात्र आमच्याशी बरेच दिवस बोलत नव्हता. गिरणी बंद पडली तेव्हा ते तिन्ही तुकडे तात्यांनी खिळ्यावरून काढून आमच्या कचेरीत आणून दिले. चालेल हा तुकडा हात लागून लागून इतका गुळगुळीत झाला आहे की, आता तो चांगल्यापेक्षाही मऊ लागतो.