सांगितलेला भाव आणि पटलेला भाव
जुनी नाणी ऑनलाइन विकताना 'विक्री किमती'वर किती विश्वास ठेवावा?

प्रतिनिधी, कोल्हापूर

लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडले जाणारे राणीछाप रुपये, देवघरातील डब्यात पडून असलेल्या शिवराया, आजीच्या गाठोड्यातील भोकाचे पैसे... कोल्हापुरातील अनेक जुन्या घरांत असा ऐवज अद्याप सापडतो. पूर्वी अशी नाणी विकावयाची झाल्यास गुजरीतील सराफाकडे जाणे हा एकच मार्ग सामान्य माणसाला ठाऊक होता. सराफ चांदीचे वजन करी, मोडीचा दर सांगे आणि व्यवहार संपे. आता घरातील तरुण मुलगा मोबाइलवर नाण्याचे छायाचित्र शोधतो. तसेच नाणे कोठे तरी 'तीन लाखांना विकले' गेल्याचे त्याला दिसते आणि घरात कल्लोळ उडतो.

या कल्लोळातून दोन प्रकारचे नुकसान संभवते. साध्या नाण्याला लाखोंची अपेक्षा धरून कुटुंब वर्षानुवर्षे खरेदीदार शोधत राहते, प्रसंगी ठकांच्या हाती सापडते. याउलट, खरोखर दुर्मीळ असलेले नाणे किमतीचा अंदाज नसल्याने मोडीच्या भावात निघून जाते. दोन्ही टाळावयाचे असेल तर समोर दिसणारा आकडा कोणी, कोठे, कधी आणि कोणत्या नाण्यासाठी मोजला, हे तपासण्याची सवय लावून घ्यावी लागते.

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे

कोल्हापूरकरांना गुळाचे सौदे नवे नाहीत. शेतकऱ्याने मनात धरलेला दर, सौद्यात पुकारला गेलेला दर आणि सर्व खर्च वजा होऊन पट्टीवर आलेली रक्कम या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे बाजार समितीच्या आवारात लहान पोरही सांगेल. नाण्यांच्या बाजारालाही हाच न्याय लागू पडतो.

ओएलएक्ससारख्या जाहिरातवजा संकेतस्थळांवर दिसते ती केवळ विक्रेत्याने मागितलेली रक्कम. तेथे कोणीही पाच रुपयांच्या नाण्यापुढे पाच लाख लिहू शकतो. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेली पाच व दहा रुपयांची नाणी हे याचे ठळक उदाहरण होय. २०१२ मध्ये सरकारने ही नाणी काढली. ती लाखो रुपयांना विकली जातात अशा वार्ता पुढे समाजमाध्यमांवर फिरत राहिल्या आणि त्या वाचून तशाच किमतीच्या जाहिराती देणाऱ्यांची रीघ लागली. एक जाहिरात पाहून दुसरी दिली जाते, दुसरी पाहून तिसरी. पन्नास जाहिरातींत एकच किंमत दिसली तरी त्यातून एकही व्यवहार झाल्याचे सिद्ध होत नाही.

'विकले गेले' याचे अनेक अर्थ

त्यापुढची पायरी म्हणजे झालेल्या विक्रीची नोंद. भारतात २००४ मध्ये 'बाझी डॉट कॉम' विकत घेऊन आलेल्या ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. मात्र त्याचे परदेशी संकेतस्थळ आजही अनेक जण किंमत पाहण्यासाठी वापरतात. तेथे 'विकलेल्या वस्तू' वेगळ्या काढून पाहण्याची सोय आहे. ती उपयुक्त असली तरी तिच्या मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा घासाघिशीची. विक्रेत्याने कमी रकमेचा प्रस्ताव मान्य केला असेल, तर यादीत मूळ किंमत रेघ मारलेली दिसते. प्रत्यक्ष सौदा कितीला तुटला हे त्या यादीत दिसत नाही. दुसरी मर्यादा बुडालेल्या व्यवहारांची. लिलाव जिंकणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत, तरी तो आकडा काही काळ विक्री म्हणून दिसू शकतो. छायाचित्रातील ओरखडे जुळणारे तेच नाणे त्याच विक्रेत्याने काही आठवड्यांत पुन्हा मांडले, तर आधीचा आकडा बाजूस ठेवणे शहाणपणाचे.

तिसरी आणि गंभीर बाब बनावट बोलीची. विक्रेता किंवा त्याचे साथीदार दुसऱ्या नावांनी बोली चढवत नेतात. २००० साली अमेरिकेत ईबेवर एक चित्र नामवंत चित्रकाराचे असल्याचे भासवून लिलावात मांडण्यात आले आणि बोली एक लाख पस्तीस हजार डॉलरच्या वर गेली. विक्रेत्याने स्वतःच बोली लावल्याचे उघड होताच कंपनीने विक्री रद्द केली; पुढील वर्षी त्या वकिलाने न्यायालयात गुन्ह्याची कबुली दिली. तो आकडा जगभरच्या वृत्तपत्रांत झळकला होता, परंतु त्या किमतीला विक्री कधीच पूर्ण झाली नव्हती.

व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरील गटांत 'विकले' एवढाच शब्द लिहिला जातो. रक्कम खरी की खोटी, हे तपासण्याचा मार्ग बाहेरच्या माणसाला नसतो. अशा नोंदींना ऐकीव माहितीइतकेच महत्त्व द्यावे.

त्या मानाने नियमित लिलावगृहांचे निकाल अधिक भरवशाचे ठरतात. मुंबईतील तोडीवाला ऑक्शन्स, ओसवाल अँटिक्स किंवा बेंगळुरूचे मरुधर आर्ट्स यांसारख्या संस्था छापील सूची काढतात, नाण्याचे वजन व छायाचित्र देतात आणि लिलावानंतर आलेल्या किमती प्रसिद्ध करतात. येथेही एक दक्षता हवी. सूचीतील अंदाजित किंमत आणि प्रत्यक्ष आलेली किंमत यांत गल्लत करू नये; तसेच न विकल्या गेलेल्या नाण्यांची संख्याही पाहावी. एकाच प्रकारची दहा नाणी मांडून तीनच विकली गेली असतील, तर त्या तीन किमती पाहताना उरलेल्या सात नाण्यांचा विसर पडता कामा नये.

नाणे तेच आहे का?

विक्री खरी असली, तरी ती आपल्याच नाण्याची होती काय, हा पुढचा प्रश्न. शिवराई हे याचे घरगुती उदाहरण. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींनी सुरू केले. परंतु त्यांच्या पश्चातही अनेक टांकसाळींतून ते दीर्घकाळ पाडले जात होते. दोन आडव्या रेघांमुळे 'दुदांडी' म्हणून ओळखला जाणारा प्रकार तर बराच उत्तरकालीन. त्यामुळे केवळ अक्षरे वाचून घरातील शिवराई शिवकालीन ठरत नाही. अक्षरांचे वळण, ठिपक्यांची मांडणी आणि वजन पाहून जाणकार तिचा प्रकार ठरवतात. शिवकालीन म्हणून विकल्या गेलेल्या एका शिवराईची किंमत दुदांडीला लावणे म्हणजे हापूसचा दर रायवळ आंब्याला लावणे होय.

चांदीच्या रुपयांतही असाच घोटाळा होतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मीळ म्हणून प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच त्याच्या बनावट प्रतीही बाजारात फिरतात. दुसऱ्या सालाच्या नाण्यावरील अंकात फेरफार करण्याचे प्रकारही घडतात. अस्सल नाण्याला लिलावात आलेली किंमत पाहून घरातील नाण्याला तोच भाव धरण्यापूर्वी ते अस्सल असल्याची खात्री करावी लागते. १९४७ चा रुपया जुना दिसत असला तरी निकेलचा आहे. त्यात चांदी मुळीच नाही.

टपाल तिकिटांचे उदाहरणही बोधप्रद आहे. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्मा गांधींची चार तिकिटे निघाली. त्यांतील दहा रुपयांच्या, 'सर्व्हिस' असा शिक्का छापलेल्या चार तिकिटांच्या पट्टीला एप्रिल २०१७ मध्ये लंडनच्या स्टॅनले गिबन्सने केलेल्या विक्रीत पाच लाख पौंड मिळाले. ती बातमी वाचून अनेकांनी आपले संग्रह उघडले. त्यांत होते ते शिक्क्याविना असलेले साधे तिकीट. एका शब्दाच्या छपाईने किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

नाण्याची अवस्था हा तितकाच मोठा घटक. वापराने न झिजलेले नाणे आणि शेकडो हातांतून गेलेले नाणे यांचे साल एक असले तरी मोल एक नसते. एनजीसी, पीसीजीएस यांसारख्या अमेरिकी संस्था नाण्याला ७० पैकी गुण देऊन ते सीलबंद करतात. अशा नाण्याची किंमत साध्या नाण्याला लावू नये. आपल्याकडे पूजेतील रुपये दरवर्षी चिंचेने वा राखेने घासण्याची रीत आहे. श्रद्धेच्या दृष्टीने ती योग्यच. पण संग्राहकाच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. विकावयाचे नाणे चकाकवण्याचा मोह टाळावा.

सर्वाधिक नव्हे, मधली किंमत

खऱ्या आणि जुळणाऱ्या विक्रींच्या नोंदी हाती आल्यावर त्यांतून भाव कसा काढावा? समजा, एकाच प्रकारच्या व अवस्थेच्या नाण्याच्या सात विक्री आढळल्या : ९००, ९५०, १,०००, १,०५०, १,१००, १,२०० आणि ६,००० रुपये. यांची सरासरी सुमारे १,७४३ रुपये येते; परंतु सातपैकी सहा खरेदीदारांनी तेवढी रक्कम मोजलेलीच नाही. किमती चढत्या क्रमाने मांडल्यास मधोमध येणारा आकडा १,०५० रुपयांचा आहे आणि तोच वस्तुस्थितीच्या जवळचा. सहा हजारांची विक्री खोटीच असेल असे नाही. दोन हौशी संग्राहकांची चुरस झाली असेल किंवा नाण्यात एखादी वेगळी खूण असेल. कारण शोधावे, ते सापडेपर्यंत त्या आकड्यावर आशा बांधू नये.

एखाद्या नाण्याची एकच विक्री सापडत असेल, तर तिला भाव न म्हणता केवळ एक घटना म्हणावे. विक्रीची तारीखही पाहावी. चांदीचा दर बदलतो तसा सामान्य रुपयांचा भावही बदलतो.

या सामान्य रुपयांना किमतीचा तळ मात्र निश्चित असतो. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा असून १९३९ पर्यंतच्या नाण्यांत ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम चांदी असे. १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले. म्हणजे सुमारे ५.८ ग्रॅम. नाणे झिजलेले असल्यास त्यात थोडी घट धरावी. त्या दिवसाच्या दराने हा हिशेब केल्यास नाणे कोणत्या रकमेखाली देऊ नये, हे घरबसल्या कळते. त्याहून अधिक जे मिळेल ते संग्राहकाच्या आवडीचे मोल.

हातात किती पडते?

लिलावात हातोडा पडतो ती रक्कम, खरेदीदार भरतो ती रक्कम आणि विक्रेत्याच्या हाती पडते ती रक्कम वेगवेगळी असते. समजा, बोली १०,००० रुपयांवर थांबली. लिलावगृह खरेदीदाराकडून १५ टक्के अधिक घेत असेल, तर करांव्यतिरिक्त त्याला ११,५०० रुपये द्यावे लागतील. विक्रेत्याकडून १० टक्के कमिशन कापले जात असेल, तर त्याला ९,००० मिळतील. प्रसिद्ध झालेला निकाल यांपैकी कोणत्या रकमेचा आहे, हे विचारून घ्यावे. टपाल, विमा आणि परत आलेल्या मालाचा खर्चही जमेस धरावा.

परदेशातील किंमत आणि येथील कायदा

डॉलर वा पौंडांतील विक्री पाहून हुरळून जाण्यापूर्वी कायदा पाहणे आवश्यक आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. या गुन्ह्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंडाची तरतूद आहे. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासही परवाना लागतो. म्हणजेच परदेशात असलेल्या राणीछाप रुपयाला तेथे आलेली किंमत ही कोल्हापुरातील विक्रेत्याला खुल्या असलेल्या बाजाराची किंमत नव्हेच.

नाणी घराचा पाया वा शेत खणताना सापडली असतील, तर प्रश्न किमतीचा राहत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातील वस्तूंतून कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले, हे या संदर्भात स्मरणात ठेवण्याजोगे आहे. कोणत्या थरात काय सापडले याची नोंद झाली, म्हणून त्या वस्तूंनी या नगरीचा इतिहास सांगितला.

आगाऊ पैसे मागणारा खरेदीदार

फुगवलेल्या आकड्यांचा सर्वांत घातक उपयोग ठक करून घेतात. 'तुमचे नाणे दहा लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा', असा दूरध्वनी येतो. पुढे कर, कमिशन, विमा अशा नावांनी रकमा उकळल्या जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्हही वापरले जाते. जुन्या नोटा व नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये केला होता. खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही, एवढी एक कसोटी पुष्कळांची फसवणूक टाळू शकेल.

विक्रीची घाई नसेल तर आधी नाण्याचे वजन करावे, दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढावीत आणि जाणकाराकडून प्रकार निश्चित करून घ्यावा. मग किमान पाच-सहा जुळणाऱ्या विक्री शोधून, तारीख व ठिकाणासह वहीत टिपून ठेवाव्यात. एवढे केल्यावर अनेकदा असे लक्षात येईल, की आजोबांचा रुपया लाखाचा नाही. काही शेकड्यांचा वा हजारांचा आहे. तेही कळणे लाभाचेच. मग तो विकावा की पुन्हा लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवावा, हा निर्णय घरातील माणसांना डोळसपणे घेता येतो.