गोबर गॅसपासून हायड्रोजनपर्यंत

कामरगावच्या शिवारात कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उरते. तुरीची तुराटी उरते, सोयाबीनचे कुटार उरते. थोडे चुलीत जाते, थोडे गुरांपुढे. राहिलेले धुऱ्यावर पेटते. या काडीच्या अंगात हायड्रोजन असतो. हा वायू जाळला तर धूर होत नाही, नुसते पाणी होते. काडीकचऱ्यातून तो काढण्याची खटपट आज चालली आहे. तिची मुळे मात्र जुनी आहेत.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून वायू काढून दिवे लावले. पुढे जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र बनवले, आणि १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले. तोच आपला गोबर गॅस.

आता गंमत पाहा. त्या बंद टाकीत काही जंतू शेण कुजवून आम्ले आणि हायड्रोजन करतात. दुसरे जंतू तो हायड्रोजन लागलीच फस्त करून मिथेन करतात. म्हणजे हायड्रोजन अंगणात तयार होतच होता. हाती लागत नव्हता. दुसऱ्या जंतूंना उष्णतेने किंवा आंबटपणा राखून आवरले, तर तो हाती येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अलीकडे शेतातल्या अवशेषांवर जंतूंकडून असेच काम करवून घेतले आहे.

पऱ्हाटीसारखे टणक लाकूड जंतूंना सहज पचत नाही. त्याला विस्तवाची वाट. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी धावल्या. त्या वायूतही थोडा हायड्रोजन असे. अपुऱ्या हवेत, वाफ देऊन काडी तापवली की त्याचे प्रमाण वाढते.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. काडीकचऱ्यापासूनचा हायड्रोजनही तीत धरला आहे. पण मंडळी, गोबर गॅसचा इतिहास विसरू नका. शेण, पाणी किंवा दुरुस्ती मिळाली नाही, तिथे टाक्या गंजून पडल्या. शिवाय सगळी काडी गाडीत भरून गेली, तर जमिनीने खावे काय?

म्हणून उद्या कोणी पऱ्हाटी मागायला आले, तर दर काय, खत परत किती, आणि यंत्र बिघडले तर कोण पाहणार, हे तीन प्रश्न आधी विचारा. तोवर धुऱ्यावर काडी मात्र ओढू नका.