एटी म्हणजे अटेन्शन

परवा माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला. विंडोज ९८ वाला. मुलीला हिची जुनी पत्रे हवी होती. ही २००९ साली गेली. त्याआधीची काही वर्षे मुलीला परदेशी पाठवलेल्या सगळ्या ईमेल त्यातच आहेत. मशीन सुरू झाले, पत्रेही दिसली, पण बाहेर काढायची कशी? फ्लॉपी अडकते, आणि विंडोज ९८ पेन ड्राइव्हला आपणहून ओळख देत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. तो म्हणाला, "सर, हार्ड डिस्क काढू या." मन धजेना. मग माझा जुना बाहेरचा मोडेम आठवला. तसाच एक त्याच्याही भंगारात निघाला.

आता थोडा इतिहास. आकड्यांचे सूर करून टेलिफोनच्या तारेवर पाठवायचे आणि पलीकडे सुरांचे पुन्हा आकडे करायचे, हे मोडेमचे काम. १९६२ साली अमेरिकेत बेल १०३ नावाचा मोडेम आला, वेग सेकंदाला ३०० बिट. खरी क्रांती १९८१ ची. हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमला संगणकाने 'एटी' ही दोन अक्षरे पाठवली की तो सावध होई. एटी म्हणजे अटेन्शन. आमच्या पीटीच्या तासाचे 'सावधान'च म्हणा ना! पुढे 'डी' म्हणजे फोन लाव, 'ए' म्हणजे उचल. इतर कंपन्यांनी हीच भाषा उचलली.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आमच्या घरी ते यायला आणखी पाच वर्षे लागली. त्या सुमारास 'विनमोडेम' स्वस्त झाले होते. त्यात मोडेमचे बरेचसे काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललेले असे, आणि ते करून घेणारा ड्रायव्हर विशिष्ट विंडोजसाठीच लिहिलेला. माझ्या लॅपटॉपच्या पोटात तसलाच होता. २००४ मध्ये विंडोज पुन्हा टाकले, ड्रायव्हरची सीडी सापडेना, आणि तो कायमचा मुका झाला. म्हणून तर बाहेरचा डबा घेतला होता. त्याला 'एटी' एवढेच पुरते.

दोन्ही मोडेम टेलिफोनच्या साध्या वायरने एकमेकांना जोडले. एक माझ्या लॅपटॉपला, दुसरा विद्यार्थ्याच्या एक्सपीवाल्या संगणकाला. दोन्हीकडे हायपरटर्मिनल. मी फोन लावायची आज्ञा दिली. उत्तर आले, 'नो डायलटोन'. बरोबरच आहे, मध्ये एक्स्चेंज कुठे आहे! तेव्हा जुनी युक्ती आठवली: 'एक्स ३'. डायलटोनची वाट पाहू नकोस, असा त्याचा अर्थ. आमच्या गावच्या एक्स्चेंजचा सूर मोडेमला कळत नसे, तेव्हाही हेच करायचो. एटीएक्स३डी टाइप केले, पलीकडे त्याने एटीए. आणि ती शिट्टी, ती खरखर! दुकानातले गिऱ्हाईक वळून बघू लागले.

वेग मिळाला ३१२००. तीन एमबीच्या फायलीला पाऊण चहा आणि पंधरा मिनिटे लागली. "सर, उलटसुलट जोडलेल्या सिरीयल केबलने हे आणखी लवकर झालं असतं," विद्यार्थी शेवटी म्हणाला. असेलही. केबल नव्हती, मोडेम होते.

एक्सपीतल्या आउटलुक एक्सप्रेसने फाईल उघडली. पहिलेच पत्र रोमन लिपीतल्या मराठीत: लोणचे पोचले का, बरणी फुटली नाही ना, आणि बाबा रोज रात्री फोन अडवून बसतात.