कुंपणावरचे बिनमालकीचे फळ

‘ब्लॅकबेरी’ हा शब्द आपल्याकडे अनेकांच्या परिचयाचा झाला तो मोबाइल फोनमुळे. कॅनडातील ‘रिसर्च इन मोशन’ या कंपनीच्या उपकरणावरील बारीक कळा या फळाच्या दाण्यांसारख्या दिसत, म्हणून त्याला हे नाव देण्यात आले. त्या मूळ प्रणालीवरील फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. फळ मात्र इंग्लंडच्या ग्रामीण भागात दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेतांच्या कुंपणांवर न चुकता पिकते. रानातली ही ब्लॅकबेरी कोणी लावत नाही, कोणी राखत नाही. आणि खाण्यापुरती ती कोणीही खुडावी, यास तेथील कायद्याचीही हरकत नाही.

गुलाबाच्या कुळातील या झुडपास ‘ब्रॅम्बल’ म्हणतात. करवंदाप्रमाणेच त्याचीही काटेरी जाळी होते. पहिल्या वर्षी लांबलचक फांदी वाढते. दुसऱ्या वर्षी तिला फुले-फळे येतात आणि ती वाळून जाते. कमानीसारख्या वाकलेल्या फांदीचे टोक जमिनीला टेकले की तेथेच मुळे फुटतात व जाळी पुढे सरकते. फळ आधी हिरवे, मग लाल आणि शेवटी काळेभोर होते. घोसाच्या टोकाचे फळ सर्वांत आधी पिकते. या झुडपात अनेकदा फलनाविनाच बी धरत असल्याने लहानसहान फरकही पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात. त्यामुळे एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या तीनशेहून अधिक सूक्ष्म जाती नोंदविल्या गेल्या आहेत.

ज्या कुंपणांवर ही फळे पिकतात, त्यांतील अनेकांचा इतिहास मात्र कडवट आहे. पूर्वी इंग्लंडच्या खेड्यांत गुरे चारण्यासाठी व सरपण गोळा करण्यासाठी सामाईक जमिनी असत. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा एक पंचमांशाहून थोडा अधिक भाग, खासगी मालकीखाली आणला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रक्रियेस सर्वाधिक वेग आला. नव्या मालकीच्या हद्दी दाखविण्यासाठी प्रामुख्याने हॉथॉर्न या काटेरी झाडाची सजीव कुंपणे लावण्यात आली. पक्ष्यांच्या विष्ठेतून ब्लॅकबेरीचे बी तेथे पोहोचले आणि ती या कुंपणांत रुजली. भूमिहीन मजुरांची चराई ज्या कुंपणाने हिरावून घेतली, त्याच कुंपणावर त्यांच्या मुलांना फुकटचे फळ मिळू लागले.

ही मुभा आज कायद्यात नमूद आहे. इंग्लंड व वेल्सला लागू असलेल्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यातील चौथ्या कलमानुसार, आपोआप उगवलेल्या झाडाची फुले, फळे वा पाने आणि रानातील अळंबी खुडणे ही चोरी ठरत नाही, मग जमीन कोणाचीही असो. मात्र विक्रीसाठी किंवा अन्य व्यापारी हेतूने खुडल्यास ही सवलत मिळत नाही. घरच्या ताटापुरते फळ खुले, बाजारासाठी मात्र नाही, अशी ही मर्यादा आहे.

फळे खुडण्याचे तंत्र साधे आहे. हाती टोपली आणि उंच फांदी खाली ओढण्यासाठी वाकड्या मुठीची काठी एवढेच साहित्य लागते. घरी नेलेल्या फळांची जेली, मुरंबा व वाइन होते. सफरचंदाबरोबर भाजलेली पाय तर विशेष लोकप्रिय. खुडण्याचा हंगाम कधी संपवावा, याबाबत लोकसमजूत आहे. २९ सप्टेंबरच्या ‘मायकेलमस’ सणानंतर ही फळे खाऊ नयेत, असे म्हणतात. स्वर्गातून हाकललेला सैतान याच काटेरी जाळीवर पडला आणि संतापून तो दरवर्षी फळांवर थुंकतो, अशी त्यामागची कथा. १७५२ मध्ये कॅलेंडरमधून ११ दिवस वगळले गेल्याने काही भागांत ही मुदत १० ऑक्टोबरपर्यंत मानली जाते. या समजुतीस व्यवहाराचाही आधार आहे. शरदाच्या ओलाव्यात उशिराची फळे पाणचट होतात आणि त्यांना बुरशी लागते.

युद्धकाळात या रानमेव्यास राष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांच्या जॅमसाठी ब्लॅकबेरी गोळा करण्याकरिता शाळकरी मुलांना वर्गातून मोकळे सोडले जाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’च्या ग्रामीण महिलांनी एकूण ५,३०० टनांहून अधिक फळे टिकवून ठेवली. बागांतील फळांबरोबर कुंपणांवरील फळेही त्यांच्या कढयांत पडली.

युद्धानंतर यंत्रांना मोठी शेते हवी झाली आणि मैलोन्‌मैल कुंपणे उखडली गेली. ग्रामीण भागातील महत्त्वाच्या कुंपणांना संरक्षण देणारे नियम १९९७ मध्ये आले. त्यानंतर दहाच वर्षांनी, २००७ मध्ये, ‘ऑक्सफर्ड ज्युनिअर डिक्शनरी’ या मुलांच्या शब्दकोशातून ‘ब्लॅकबेरी’ हा फळाचा शब्द वगळला गेला. त्याच आवृत्तीत ‘सेलिब्रिटी’सारख्या शब्दांना जागा मिळाली. २०१५ मध्ये मार्गारेट ॲटवुड यांच्यासह २८ लेखकांनी निसर्गविषयक शब्द वगळण्याविरुद्ध प्रकाशकांना पत्र लिहिले. मुले घराबाहेर खेळेनाशी झाल्याची चिंता त्यामागे होती. कायद्याने दिलेली मुभा आजही कायम आहे. पण तिचा लाभ घ्यायचा तर शेताला कुंपण उरले पाहिजे आणि मुलांना ते फळ ओळखता आले पाहिजे.